टाळ घासायचा की नाही?

समई घासायची की नाही, असा प्रश्न आमच्या घरात कधी कुणाला पडलेला नाही. दिवाळीच्या आधी माळ्यावरची भांडी खाली येतात, आई पाटावर बसते, बाजूला चिंच भिजत घातलेली असते आणि संध्याकाळपर्यंत घरातलं सगळं तांबं-पितळ लखलखायला लागतं. मागच्या दिवाळीत त्या ढिगातून आबांचा टाळ निघाला. आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. टाळ एका कळकट कापडी पिशवीत होता. काळा पडलेला, मधल्या भोकाभोवती हिरवट खरपुडी, आणि दोरी इतकी कडक झालेली की ती वाकवली तर मोडेल असं वाटावं.

आईने तो उचलला आणि सरळ चिंचेच्या पाण्याकडे नेला. मी तिच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतला.

“अरे, घासायला नको?”

“नको. खराब होईल.”

“घासून कधी काही खराब होतं का?”

या तिच्या प्रश्नावर मी गेले काही महिने विचार करतोय. तेव्हा मात्र मला उत्तर पाठ होतं, कारण घासून खराब केलेली एक वस्तू माझ्या खोलीतच होती.

मी ड्रम्स वाजवतो. चरितार्थासाठी नाही, चार मित्रांबरोबर शनिवार-रविवारी. दोन वर्षांपूर्वी मी एक जुना राइड सिंबल सेकंड हँड घेतला. दिसायला अगदी गंजक्या तव्यासारखा, पण आवाज असा की काठी लागल्यावर आधी नेमका टिंग यायचा आणि मग मागे एक धुरकट लांब शेपूट राहायची. एका कार्यक्रमाच्या आधी मला वाटलं, स्टेजवर हे ध्यान बरं दिसणार नाही. बाजारातून धातू चकचकीत करायचं पॉलिश आणलं, हाताने घासलं, मन भरेना म्हणून भावाच्या ड्रिल मशीनला बफिंगचं चाक लावलं. वीस मिनिटांत सिंबल सोन्यासारखा झाला. कंपनीचा छापील शिक्का पार गेला, ते मी चालवून घेतलं. पण वाजवला तेव्हा शेपूट गायब. नुसता टिंग, आणि मग काहीतरी बसक्या घशाने बोलल्यासारखं.

नंतर वाचून कळलं की मी एकाच वेळी दोन-तीन चुका केल्या होत्या. सिंबलच्या अंगावर लेथवर फिरवून काढलेले बारीक चरे असतात, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तसे. त्या चऱ्यांत पॉलिशची पांढरी पेस्ट जाऊन बसते. पत्रा वाजतो तेव्हा तो एका सुरात हलत नाही, त्याच्यात एकाच वेळी ढीगभर वेगवेगळी कंपनं चालू असतात. त्यातली जी सगळ्यात उंच आणि बारीक, तीच त्याची चमक. आणि कुठलाही चिकट थर आधी त्यांनाच गिळतो. पेस्ट साबणाच्या कोमट पाण्याने, चऱ्यांच्या दिशेनेच हात फिरवत धुऊन काढता येते. मी काढली आणि आवाज बराचसा परत आला. पण फिरत्या चाकाने चऱ्यांचे कंगोरे खाल्ले होते, एका जागी पत्रा हाताला चटका बसेल इतका तापला होता. ते परत येणार नव्हतं. फरक किती खरा आणि किती माझ्या अपराधी कानाचा, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. तो आधी रेकॉर्ड करून ठेवायची अक्कल नव्हती.

तर हा अनुभव गाठीशी असताना आबांचा टाळ मी चिंचेत पडू देणार नव्हतो. त्या दिवशी मी आईला एक छोटं व्याख्यानच दिलं. म्हणालो, हा काळा रंग म्हणजे मळ नाही. तांब्याच्या मिश्रधातूवर हवेने आणि हाताच्या घामाने चढलेला तो थर आहे. तो चढायला वर्षं लागतात. बाहेरच्या देशांत असा थर टिकवण्यासाठी लोक धडपडतात, सिंबलच्या कंपन्या तर नवा माल मुद्दाम जुनाट करून जास्त किमतीला विकतात. याच्यावर आबांचे हात आहेत.

आई म्हणाली, “देवाच्या पुढे वाजवायची वस्तू आहे. अशी घाणेरडी ठेवायची?”

मी वैतागलो आणि टाळ पिशवीसकट माझ्या खोलीत नेला. मनात एक योजनाही तयार होती. पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक खिळा, त्याला टाळ टांगलेला, खाली मंद दिवा. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात अशी एखादी भिंत असेल. आजीचं जातं, पणजीचा पानपुडा, कुणाचा तरी बंद पडलेला रेडिओ. त्या भिंतींची चेष्टा करत नाही, मला तशीच हवी होती.

योजना बिघडली ती एका फोटोमुळे. आबांचा वारीतला फोटो शोधत होतो, टाळाशेजारी लावायला. आमचं गाव लोणंदच्या पुढे, पालखीच्या वाटेवरच. चांदोबाच्या लिंबाजवळ माउलींचं पहिलं उभं रिंगण होतं, त्या दिवशीचा कुणीतरी काढलेला फोटो सापडला. आबा पन्नाशीतले, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, गळ्यातल्या दोरीला टाळ. आणि टाळ चकाकत होता. असा, की फोटोत त्या जागी नुसता पांढरा डाग पडलाय.

मी बराच वेळ त्या डागाकडे बघत बसलो. आबा वाजवत होते तेव्हा टाळ काळा नव्हताच. शेवटची पाच वर्षं त्यांचे सांधे गेले, हातात टाळ धरवेना. तेव्हा पिशवीत गेला तो तिथेच राहिला. त्यानंतरची चार वर्षं तो आमच्या माळ्यावर होता. मी ज्याला ‘आबांचे हात’ म्हणत होतो तो नऊ वर्षांचा काळेपणा होता, आणि त्या नऊ वर्षांत टाळाला कुणाचाच हात लागला नव्हता. जपायला निघालो होतो ती आमची न वाजवलेली नऊ वर्षं.

हे लक्षात आल्यावर माझं सगळं व्याख्यान कोसळलं. पण म्हणून लगेच चिंच आणावी, असंही वाटेना. एक चूक कळली म्हणून तिच्या उलटं ते बरोबर असतंच असं नाही.

मळ म्हणजे नेमकं काय, यापासून मला सुरुवात करावी लागली. भजनात टाळाच्या शेजारीच पखवाज असतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात, वाजवून झालं की खरवडून काढतात. उजव्या तोंडावर काळी शाई चढवलेली असते. दोन्ही म्हणजे चामड्यावर लावलेला लेप, आणि त्या लेपातूनच पखवाजाचा आवाज निघतो. तीच कणीक टाळाला लावली तर टाळ मुका होईल. म्हणजे एकाच मांडीला मांडी लावून बसलेल्या दोन वाद्यांत, एकाचा लेप हा दुसऱ्याचा मळ. वस्तू कशासाठी आहे हे ठरल्याशिवाय तिच्यावरची घाण कुठली हे ठरत नाही. समई दिसण्यासाठी आणि उजेडासाठी असते, तिला काळेपणा नको. घरातली काशाची वाटी तळपायाला तूप चोळण्यासाठी असते, तिच्या बुडाचा गुळगुळीतपणा महत्त्वाचा, रंग कुणी बघत नाही. टाळ ऐकण्यासाठी असतो. आईच्या आणि माझ्या भांडणात आम्ही दोघंही फक्त त्याच्या दिसण्याबद्दल बोललो होतो. तिला लखलखीत हवा होता, मला काळा. वाजवून कुणीच पाहिला नव्हता.

मग मी वाजवला. खळ्ळ असा एक कोरडा आवाज आला आणि लगेच विझला.

आबांचा टाळ काशाचा. आता बाजारात पितळी टाळ पुष्कळ मिळतात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कांसं म्हणजे तांबं आणि कथील. घंटांसाठी आणि उत्तम सिंबल्ससाठी जो धातू वापरतात त्यात साधारण ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील असतं. इस्तंबूलमध्ये १६२३ साली सुरू झालेलं झिल्जियान हे आर्मेनियन घराणं याच मिश्रणावर जगप्रसिद्ध झालं, आणि १९२९ पासून ते अमेरिकेत सिंबल्स बनवतंय. एवढं कथील असलेला धातू थंडपणी फार ठिसूळ असतो. घडवायचा तर लाल होईपर्यंत तापवून घडवावा लागतो. त्याची आणखी एक गंमत आहे. पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की ते कडक आणि ठिसूळ होतं, हे कांसं बुडवलं की त्याचा ठिसूळपणा उलट कमी होतो. लोहाराचं ज्ञान घेऊन इथे आलात तर फसाल. मला ही गोष्ट आवडते, कारण काळजी घेण्याच्या बाबतीतही आपण बहुतेक वेळा एका धातूचं ज्ञान घेऊन दुसऱ्या धातूपाशी जातो. मी सिंबलचं घेऊन टाळापाशी गेलो होतो, आई समईचं घेऊन.

टाळावर लेथचे चरे फारसे नव्हते. जाड, ओतीव अंगाचा. त्याला थोडं घासल्याने सिंबलसारखं नुकसान झालं नसतं. आणि दुसरीकडे, तो काळा थर इतका पातळ असतो की आवाज त्याने बसत नाही. बसतो तो तेलकट थराने, आणि टाळावर तो होता. स्वयंपाकघराच्या माळ्यावर चार वर्षं काढलेल्या कुठल्याही वस्तूवर असतो तसा, फोडणीचा धूर आणि धूळ मिळून झालेला. पण खरा गुन्हेगार दोरी निघाली. कडक झालेली गाठ आतून धातूला दाबून बसली होती. टाळ दोरीला सैल लोंबकळायला हवा, बोटाने धरला तरी त्याचा श्वास कोंडतो. दोरी कापली, टाळ सुतळीवर नुसता लटकवला आणि टकटक केलं, तर निम्मा आवाज तिथेच परत आला. काळा रंग होता तसाच होता. आम्ही माय-लेक रंगावरून भांडत होतो आणि अडलं होतं गाठीवर.

उरला भोकाभोवतीचा हिरवा थर. माझा तोपर्यंतचा नियम असा होता की जे परत फिरवता येत नाही ते करू नये. आज घासला नाही तर उद्या घासता येईल, पण घासलेला पुन्हा न-घासलेला करता येणार नाही. नियम चांगला आहे. सिंबलच्या वेळी पाळला असता तर बरं झालं असतं. पण हिरव्या थरापाशी तो लंगडा पडतो. काळा थर धातूला झाकून बसतो, खालचा भाग त्याने बराचसा वाचतोच. हिरव्याचा मात्र भरवसा नसतो. घामातलं मीठ आणि ओल मिळाली तर तो धातू खात आत जातो. त्याला हात न लावणं म्हणजे त्याला खाऊ देणं. तिथे ‘मी काही केलं नाही’ ही सबब चालत नाही, आणि परत फिरवता न येणारी गोष्ट आपण हात बांधून बसलेलो असतानाही घडत राहते. नात्यांतही हे होतं, पण तो विषय इथे नको.

पंढरपूरचा प्रश्न याच्याहून अवघड आहे. विठोबाच्या पायांवर डोकं ठेवायला मिळतं, ते त्या देवळाचं वैशिष्ट्य. आणि लाखो कपाळांनी, हातांनी आणि अभिषेकांनी दगड झिजतो. मग मूर्तीला वज्रलेप करतात, अभिषेकांवर मर्यादा येतात, आणि दर वेळी वाद होतो. एक बाजू म्हणते, मूर्ती टिकली पाहिजे. दुसरी म्हणते, ज्या स्पर्शासाठी मूर्ती आहे त्यावरच बंधनं घालून काय टिकवणार? मला दोन्ही बाजू पटतात आणि ते सोयीचं नाही. टाळाच्या बाबतीत निदान एक गोष्ट बरी आहे. टाळ वाजवून झिजतो खरा, पण वाजवण्याने तो जितका झिजतो त्याच्या कितीतरी पट घासण्याने झिजतो. वाजवणाऱ्याला घासायची गरजही कमी पडते, कारण रोज हाताळलेली कड आपोआप उजळ राहते.

शेवटी एका रविवारी मी टाळ धुवायला बसलो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण दोन थेंब, आबांच्याच जुन्या धोतराचं फडकं. तारेची घासणी नाही, पावडर नाही. तेलकट थर निघाला तेव्हा टाळ काळ्याचा तपकिरी झाला, गुळासारखा. हिरव्यासाठी चिंचेचा कोळ घेतला, पण फक्त भोकाभोवती आणि मिनिटभरच. आई शेजारी उभी राहून बघत होती. आंबट पदार्थ पितळेत कळकतात, तसं धातूचंही होतं, आंबटात फार वेळ ठेवू नको, असं तिनेच सांगितलं. (पितळ आंबटात खूप वेळ राहिलं की त्यातलं जस्त निघून जातं आणि वर गुलाबी तांबं उरतं. हे मी तिला सांगायला तोंड उघडलं होतं, पण ती आधीच बोलून गेली.) मग स्वच्छ पाणी, कोरडं फडकं, आणि उन्हात दहा मिनिटं.

चिंचेने फुगीर भागाच्या आतली बाजू उजळली तिथे अक्षरं दिसली.

जुन्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असतं, तसं. आधी मला वाटलं आबांचं नाव असेल. फडकं फिरवलं. ‘वि. भ. मं.’ आणि त्याच्याखाली ‘७’.

विठ्ठल भजनी मंडळ. गावच्या मंडळाचा सात नंबरचा टाळ.

आई म्हणाली, “आबा काही चोरणारे नव्हते.” मला तसं सुचलंही नव्हतं. सोपं होतं सगळं. वारीला नेला असेल, घरी राहिला असेल, पुढच्या भजनाला तोच घेऊन गेले असतील. मग सांधे गेले आणि पिशवी पुण्याला आमच्याबरोबर आली. तरीही मला कुणीतरी खिशातून काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. तीन महिने ज्या वस्तूच्या आवाजाची, रंगाची, गाठीची मी काळजी करत होतो, तिच्यावर माझा हक्क काय आहे, हे एकदाही विचारलं नव्हतं. वारसा म्हणजे माझा, एवढं गृहीत धरलं होतं. आणि काळजी घेता घेता तो हक्क रोज थोडाथोडा पक्का होत गेला होता. आपण ज्याची फार काळजी घेतो ते आपलंच असणार, असं वाटायला लागतं. भाडेकरूला, पुढाऱ्याला, कधीकधी आई-बापांनाही.

मेणवलीच्या घाटावर नाना फडणवीसांच्या वाड्याजवळ एक मोठी घंटा आहे. तुमच्यातले वाईला गेलेले अनेक जण तिच्यासमोर उभे राहिले असतील. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा आणून ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या, त्यातली ती एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. इतकी वर्षं ती हिंदू देवळात टांगलेली आहे आणि ती आकृती कुणी खरवडून काढलेली नाही. मला हे नेहमी मोठ्या मनाचं लक्षण वाटायचं. अक्षरं सापडल्यावर त्याची दुसरी बाजूही दिसायला लागली. आकृती जपली, आवाज जपला, घंटा परत मात्र कुणी दिली नाही. लढाईतली लूट आणि विसरून घरी राहिलेला टाळ यांची तुलना होत नाही, हे मला कळतं. पण माझ्या हातात फडकं होतं, समोर दुसऱ्याचं नाव होतं, आणि अजून दोन मिनिटं जोरात घासलं असतं तर ते ठिपके गेले असते. आधीच पुसट होते. काढून टाकायचा विचार मनात आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. आला. घासण्याच्या नैतिकतेवर इतके दिवस डोकं चालवलं, आणि घासून खरोखर पाप करता येईल अशी जागा ती एकच होती.

गावी नानांना फोन केला. ते मंडळाचं बघतात. ऐंशीच्या घरात आहेत.

“सात नंबर व्हय?” ते म्हणाले. “तो आबाकडंच असायचा. पेटीत जागा मोकळी हाय त्याची. सप्त्याला ये घेऊन.”

नऊ वर्षं पेटीत एक जागा मोकळी होती आणि त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

माघातल्या सप्ताहाला गेलो. अखंड हरिनाम सप्ताह ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सात दिवस रात्रंदिवस नाम थांबत नाही. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटी काल्याचं कीर्तन. वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की तो दुसऱ्याच्या गळ्यात वीणा देतो, पाया पडतो आणि जातो. पहाटे तीन वाजता मांडवात एकटा माणूस वीणा घेऊन उभा असलेला मी पाहिलाय. ती वीणा कुणाची, हा प्रश्न तिथे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

नानांनी टाळ हातात घेतला, आत बघितलं, कानाजवळ एकदा वाजवला. मी नवी सुती दोरी घातली होती, आणि पिवळसर झालेल्या कडेपासून तपकिरी फुगवट्यापर्यंत तो कसा दिसतोय याचा मला थोडा अभिमान होता. मी विचारलं, “अजून घासू का?”

“कशाला?”

“काळा दिसतोय.”

“वाजतोय ना.” मग थोडं थांबून म्हणाले, “वाजवलं की होतो आपसूक.”

त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मी आधी अर्धवट ऐकली होती. माउलींच्या पालखीत मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरती होते. सगळ्या दिंड्या जमतात, हजारो टाळ एकदम चालू असतात. चोपदार चोप उंच करून पुकारा करतात आणि एका क्षणात सगळं शांत होतं. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवत राहते. एवढ्या मोठ्या समाजात तेवढेच टाळ. चोपदार तिथे जातात, म्हणणं ऐकून घेतात, मग ते थांबतात. “एकदा आमचाबी वाजत राहिला हुता,” नाना म्हणाले. “पाण्याच्या टँकरावरनं. त्यात ह्यो सात नंबर हुता.” आणि त्यांनी टाळ पेटीत ठेवला. लोखंडी पेटी, आत जुन्या साड्यांच्या घड्यांत एकेक जोडी. सातवर तपकिरी, पाचवर झगझगीत, अकरावर जवळजवळ काळा. त्यांनी पेटीला कुलूप लावलं.

मी तसाच उभा होतो. मला वाटलं होतं ते म्हणतील, राहू दे तुझ्याकडं, आबाची आठवण. त्यासाठी नको-नको म्हणायची तयारीही केली होती.

“रात्री कीर्तनाला उभा राहा,” ते म्हणाले. “टाळ मिळंल.”

रात्री पेटी उघडली तेव्हा मी रांगेत मागे होतो. हाताला चार नंबर आला. हलका, पितळी, दोरी लांब. सात नंबर आठवी-नववीतल्या एका मुलाच्या गळ्यात होता. तो माझ्यापासून सात-आठ जण पलीकडे, दुसऱ्या ओळीत. कीर्तन सुरू झालं, मृदंग चढला, आणि मी कान त्याच्याकडे लावले. मला तो आवाज पाठ होता, तीन महिने रोज ऐकला होता. वीसेक टाळांत तो ओळखता येईल अशी माझी खात्री होती. एकदा वाटलं, सापडला. मग तो दुसऱ्याच बाजूने आला.

शेजारच्या माणसाने मला कोपराने ढोसलं. माझा टाळ मागे पडला होता.